तारीख, लाच आणि कथानक

आपल्या साहित्यात लाच भरपूर सापडते, उशीर मात्र फार थोडा. याचे कारण उघड आहे. लाचेला कथेचा आकार आयता मिळालेला असतो. देणारा असतो, घेणारा असतो, रक्कम ठरलेली असते, आणि हात पुढे होतो तो क्षण असतो. लेखकाने त्या क्षणाजवळ उभे राहायचे, एवढेच. उशिराला असा क्षण नसतो. न्यायालयात खटला पुढे ढकलला जातो तेव्हा काहीही घडत नाही, आणि काहीही न घडणे पुन्हापुन्हा घडत राहते. ते लिहायचे कसे? न्यायव्यवस्थेवरच्या आपल्या कथा-कादंबऱ्या, नाटके आणि चित्रपट मी हा प्रश्न मनात धरून पाहू लागलो, तेव्हा मोजक्याच कलाकृती माझ्यापुढे उरल्या. त्यांच्याविषयी हे टिपण आहे.

मी राहतो त्या पिंजौरपासून चंडीगड वीसेक किलोमीटरवर आहे. या परिसरात एक असा खटला झाला की त्याची सुरुवात कुठल्याही प्रहसनकाराला सुचावी आणि शेवट कोणालाच लिहिता येऊ नये. १३ ऑगस्ट २००८ रोजी पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती निर्मलजित कौर यांच्या चंडीगडमधील निवासस्थानी एक पाकीट पोचवले गेले. त्यात पंधरा लाख रुपये होते. न्यायमूर्तींनी तत्काळ पोलिसांना कळवले. पुढे तपास केंद्रीय अन्वेषण विभागाकडे गेला. आरोप असा होता की ही रक्कम त्याच न्यायालयाच्या दुसऱ्या न्यायमूर्ती निर्मल यादव यांच्यासाठी होती, पंचकुल्यातल्या एका भूखंडाच्या वादाशी तिचा संबंध होता, आणि नावातल्या सारखेपणामुळे ती चुकीच्या दारात पोचली. पैसे पाठवल्याचा आरोप ज्यांच्यावर होता ते वकील त्या वेळी हरियाणाचे अतिरिक्त महाधिवक्ता होते.

गोगोल किंवा आपले चिं. वि. जोशी यांच्या हाती हे बीज पडले असते तर दोन निर्मलांमधल्या या गफलतीवर त्यांनी काय काय केले असते! वर्तमानपत्रांनीही तेच केले. त्यांनी दार, पाकीट आणि रक्कम पुन्हापुन्हा सांगितली. पण या गोष्टीचा खरा विस्तार त्या दारानंतरचा आहे. २००९ च्या अखेरीस अन्वेषण विभागाने प्रकरण बंद करण्याचा अहवाल दिला. २०१० मध्ये विशेष न्यायालयाने तो नाकारला आणि पुढील तपासाचा आदेश दिला. २०११ मध्ये राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली, आणि निर्मल यादव निवृत्त होत असतानाच त्यांच्यावर आरोपपत्र दाखल झाले. आरोप निश्चित व्हायला २०१४ उजाडले. एक आरोपी खटला चालू असतानाच मरण पावला. २९ मार्च २०२५ रोजी चंडीगडच्या विशेष न्यायालयाने निर्मल यादव यांच्यासह उरलेल्या आरोपींना निर्दोष सोडले.

त्या दिवशी दारात पैसे आले होते, याविषयी वाद नव्हता. ते कोणासाठी आणि कशासाठी, हे सिद्ध झाले नाही. कायद्याच्या दृष्टीने निर्मल यादव निर्दोष आहेत आणि आपणही तेच मानले पाहिजे. पण मग प्रश्न उलटा फिरतो. एका न्यायमूर्तीला निर्दोष ठरायला जवळपास सतरा वर्षे लागली असतील, तर त्या सतरा वर्षांचे काय? आणि समजा निकाल उलटा लागला असता, तर त्या न्यायमूर्तींसमोर ज्यांचे दावे चालले त्या पक्षकारांना सतरा वर्षांनंतर काय सांगायचे होते? निकाल कोणताही लागो, उशिराने तो आधीच निम्मा खाऊन टाकलेला असतो. ही गोष्ट लिहायची तर पाकिटापाशी थांबून चालत नाही. साहित्यिक अडचण सुरू होते ती इथे.

मराठी रंगभूमीला न्यायालयाचे आकर्षण जुने आहे. आचार्य अत्र्यांचे ‘तो मी नव्हेच’ १९६२ मध्ये आले, तेंडुलकरांचे ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ १९६७ मध्ये. पहिल्यात न्यायालय हा नाटकाचा सांगाडा आहे. एकेक साक्षीदार येतो, लखोबा लोखंडेचा एकेक मुखवटा समोर येतो आणि फिरता रंगमंच भूतकाळ आणून उभा करतो. दुसऱ्यात न्यायालय लुटुपुटूचे आहे, पण बेणारेबाईंना मिळणारी शिक्षा खरी आहे. दोन्ही नाटके आपापल्या जागी भक्कम आहेत. ‘शांतता’ने तर मध्यमवर्गीय सभ्यतेच्या तळाशी असलेली हिंस्रता इतकी स्वच्छ दाखवली की त्यानंतर न्यायाधीशाची खुर्ची रंगमंचावर निरागसपणे मांडणे अवघड झाले. पण एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. दोन्ही न्यायालये वेगवान आहेत. तेंडुलकरांचे न्यायालय तर संध्याकाळच्या प्रयोगाआधी वेळ घालवायचा म्हणून बसते आणि तेवढ्यातच एका बाईचे आयुष्य निकालात काढते. तेंडुलकरांचा आक्षेप निकालाच्या क्रौर्यावर आहे. निकालच न लागण्याचे क्रौर्य त्या नाटकाच्या कक्षेत येत नाही, येण्याचे कारणही नाही. नाटक तीन अंकांत संपवायचे असते, आणि प्रेक्षकाला शेवटची बस पकडायची असते.

हिंदी चित्रपटाने यावर आपला उपाय शोधला. ‘दामिनी’ (१९९३) मधला सनी देओलचा तारखांवरचा संवाद आज प्रत्येक न्यायालयाच्या आवारात विनोद म्हणून फिरतो. त्या संवादाने उशिराला आवाज दिला हे खरे, पण त्याला एक खलनायकही दिला. धूर्त वकील तारखा मागतो, म्हणून तारखा पडतात. एखादा सच्चा वकील ओरडून उठला की व्यवस्था भानावर येते. हा दिलासा खोटा आहे. पाच कोटींहून अधिक प्रलंबित खटले एका धूर्त वकिलाचे काम नसते. विधी आयोगाने १९८७ मध्येच, आपल्या १२० व्या अहवालात, दर दहा लाख लोकसंख्येमागे न्यायाधीशांची संख्या साडेदहाच्या आसपास असल्याचे सांगून ती पन्नासवर नेण्याची शिफारस केली होती. ती संख्या आजही गाठलेली नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेत एका पक्षाला तीनपेक्षा अधिक तहकुबी देऊ नयेत अशी दुरुस्ती होऊनही दोन दशके उलटली. कोणत्याही दिवाणी न्यायालयाच्या बाकावर तासभर बसले की तिची स्थिती कळते. इथे ओरडायचे कोणावर?

या प्रश्नाचे भान असलेली भारतीय भाषांतली सर्वांत महत्त्वाची व्यक्तिरेखा माझ्या मते श्रीलाल शुक्ल यांच्या ‘राग दरबारी’मधला लंगड आहे. १९६८ ची ही कादंबरी हिंदीत सतत वाचली जाते, आणि लंगडचे नाव प्रत्येक वाचकाच्या तोंडी असते. गंमत म्हणजे तो कादंबरीचा नायक नाही, उपनायकही नाही. तो अधूनमधून शिवपालगंजच्या वाटेवर दिसतो आणि निघून जातो. त्याला तहसील कचेरीतून एका निकालाची नक्कल हवी आहे. नक्कल देणाऱ्या बाबूने पाच रुपये मागितले, लंगड दोनावर अडला, आणि वाद इरेला पेटला. मग बाबूने ठरवले की आता लाच घ्यायची नाही, नक्कल नियमाप्रमाणेच द्यायची. लंगडनेही ठरवले की ती नियमाप्रमाणेच घ्यायची. तो याला धर्माची लढाई म्हणतो.

शुक्लांनी इथे जे केले त्याचे मोल मला पुनर्वाचनातच नीट कळले. भ्रष्टाचार आणि विलंब हे दोन वेगळे दोष आहेत, असे आपण समजतो. समित्याही त्यांच्यासाठी वेगळ्या नेमल्या जातात. लंगडच्या गोष्टीत मात्र एकाच दाराच्या या दोन बाजू आहेत. लाच म्हणजे वेळेची किंमत, एवढाच तिचा अर्थ आहे. जो पाच रुपये देतो त्याला आजची तारीख मिळते, जो देत नाही त्याला नियम मिळतात. आणि नियम पाळणारा बाबू लाचखोर बाबूपेक्षा जास्त निष्ठुर निघतो, कारण आता त्याच्या बाजूने कायदा आहे. अर्जात चूक निघते, शुल्क कमी पडते, कागद दुसरीकडे जातो. शेवटी नक्कल तयार होऊन फलकावर तिची सूचना लागते तेव्हा लंगड आजारी असतो. तो पोचेपर्यंत मुदत संपलेली असते, आणि कोणी नेली नाही म्हणून नक्कल नष्ट केलेली असते. प्रत्येक टप्प्यावर सगळे नियमाप्रमाणे झालेले असते.

या कादंबरीवर माझा एक आक्षेपही आहे. लंगडकडे आपण रंगनाथच्या आणि गावच्या टवाळांच्या नजरेने पाहतो. तो हास्याचा विषय होऊन येतो आणि करुणेचा होऊन जातो, पण त्याच्या आत आपण एकदाही शिरत नाही. ती नक्कल मिळाली असती तर त्याच्या दाव्याचे पुढे काय झाले असते? वाट पाहण्याच्या काळात त्याची शेती कोणी केली? शुक्ल प्रशासकीय सेवेत होते. कचेरीची भाषा त्यांना आतून माहीत होती आणि तिची मजा त्यांनी पुरेपूर घेतली. खिडकीच्या बाहेर उभ्या असलेल्या माणसाचा खर्च मात्र त्यांनी मांडला नाही. तो खर्च मांडणारे लेखन मराठीत खूप आधी झाले होते. महात्मा फुल्यांच्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये कुळकर्ण्यापासून मामलेदार कचेरी आणि न्यायालयापर्यंत शेतकरी कसा नागवला जातो याचे जे तपशील आहेत ते हिशेबाच्या वहीसारखे आहेत. कोणाच्या हातावर काय ठेवावे लागते आणि अर्ज कुठे अडतो, हे सारे फुले सांगतात, आणि त्यांचा राग त्या हिशेबातून उभा राहतो. ते निबंधाचे काम होते. पुढच्या मराठी कादंबरीने हा वारसा तितक्या जिद्दीने चालवला असे मला वाटत नाही.

खर्च मांडण्याचे काम पडद्यावर केले ते सईद अख्तर मिर्झा यांच्या ‘मोहन जोशी हाजिर हो!’ (१९८४) या चित्रपटाने. मुंबईतल्या पडक्या चाळीत राहणारा म्हातारा मोहन जोशी दुरुस्तीसाठी घरमालकावर दावा लावतो. ही भूमिका ‘तमस’चे लेखक भीष्म साहनी यांनी केली आहे, पत्नीची दीना पाठक यांनी. दाव्याला वर्षे लागतात, दागिने जातात, शेजारी टवाळी करतात, दोन्हीकडचे वकील भरभराटीला येतात. मिर्झांना नेमके कळले आहे की घरमालकाला खटला जिंकण्याची गरजच नाही. इमारत म्हातारी होत आहे, भाडेकरूही म्हातारा होत आहे. ताबा ज्याच्याकडे आहे त्याच्या बाजूने प्रत्येक तहकुबी हा एक छोटासा निकालच असतो. शेवटी न्यायाधीश चाळ पाहायला येतात तेव्हा मालकाने तात्पुरते टेकू लावून सारे ठीकठाक दाखवलेले असते. मग मोहन जोशी स्वतःच तो टेकू ओढतो, आणि इमारत त्याच्यावर कोसळते. आपल्या म्हणण्याचा पुरावा त्याला स्वतःच्या देहाने द्यावा लागतो. या चित्रपटाला कुटुंबकल्याणाच्या विषयावरील सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. मिर्झांच्या विनोदबुद्धीवर सरकारने केलेली ही मात म्हणावी लागेल.

मराठीतला पुढचा मोठा टप्पा म्हणजे चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ (२०१४). व्हेनिस महोत्सवातील पारितोषिके आणि सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार, यामुळे त्याच्यावर पुष्कळ लिहिले गेले. लोकशाहीर नारायण कांबळे यांच्या गाण्यामुळे एका सफाई कामगाराने आत्महत्या केली, असा अजब आरोप त्यांच्यावर आहे. ही भूमिका विरा साथीदार यांनी केली. ते स्वतः चळवळीतले होते, २०२१ मध्ये ते गेले. चित्रपटाचे राजकारण अनेकांनी उलगडले आहे. मला इथे त्याच्या कॅमेऱ्याविषयी बोलायचे आहे. तो दूर आणि स्थिर राहतो, आणि आपला खटला येण्याआधी व नंतर येणारे इतर खटलेही दाखवतो. एका बाईचा खटला तिने बिनबाह्यांचा पोशाख घातला म्हणून पुढे ढकलला जातो. ती कोण, तिचे काय काम होते, हे आपल्याला कळत नाही. कोणालाच कळून घ्यायचे नसते. ‘दामिनी’ने उशिराला खलनायक दिला होता, ‘कोर्ट’ने तो काढून घेतला. सरकारी वकील नूतन खटल्यानंतर मुलाला घेऊन घरी जाते आणि स्वयंपाक करते. न्यायाधीश सदावर्ते सभ्य, कुटुंबवत्सल गृहस्थ आहेत. कोणीही लाच घेत नाही, कोणीही दुष्ट नाही. आणि म्हातारा शाहीर आतच राहतो.

उन्हाळी सुट्टी लागते, न्यायालयाचे दिवे एकेक करून बंद होतात, पडदा काळा होतो. चित्रपट इथे संपेल असे वाटते. पण ताम्हाणे आपल्याला न्यायाधीशांच्या सहलीला नेतात. सदावर्ते बाकावर बसल्या बसल्या झोपतात. मुले ओरडून त्यांना उठवतात, ते एका मुलाच्या थोबाडीत देतात आणि पुन्हा डुलकी घेतात. हा शेवट काहींना उथळ वाटला होता. मला तो चित्रपटातला सर्वांत कठोर प्रसंग वाटतो. झोप हे भ्रष्टाचाराइतके नाट्यमय पाप नाही. झोपेबद्दल कोणावर महाभियोग चालत नाही.

महाभियोगाचीही एक कथा चंडीगडशी जोडलेली आहे. न्यायमूर्ती व्ही. रामस्वामी इथे मुख्य न्यायाधीश असताना शासकीय निवासस्थानावर केलेल्या खर्चावरून त्यांच्यावर आरोप झाले. चौकशी समितीने अनेक आरोप सिद्ध मानले. मे १९९३ मध्ये लोकसभेत प्रस्ताव मतदानाला आला तेव्हा विरोधात एकही मत पडले नाही. सत्ताधारी काँग्रेसचे खासदार तटस्थ राहिले आणि प्रस्ताव बारगळला. कोणी नाही म्हणाले नाही, आणि तरीही काही झाले नाही. लंगडच्या बाबूला हा तोडगा आवडला असता.

मग उशिराची गोष्ट लिहिण्यासाठी योग्य घाट कोणता? मला वाटते तो न्यायालयातच पडून आहे. महाराष्ट्रातल्या न्यायालयांत प्रत्येक दाव्याचा रोजनामा असतो. आमच्या घरातल्या एका वाटणीच्या दाव्याचा रोजनामा मी एकदा सलग वाचला. पक्षकार हजर, वकील गैरहजर. मुदतीचा अर्ज, मंजूर. न्यायाधीश रजेवर. पुढील तारीख. मग मध्येच एका ओळीत मयताचे वारस दाखल करण्याचा अर्ज येतो, म्हणजे मधल्या काळात एक माणूस गेलेला असतो. जे माणूस म्हणून सुरू झाले ते ‘१अ’ आणि ‘१ब’ होऊन पुढे चालू राहते. त्या ओळीत ना दुःख आहे ना उपरोध, आणि म्हणूनच तिच्यावरून डोळा पुढे सरकत नाही. एखाद्या कादंबरीकाराने हा रोजनामा कणा म्हणून घ्यावा, दोन तारखांच्या मधल्या रिकाम्या जागेत घरात काय घडले ते लिहावे. कथानक त्या मधल्या जागेत आहे.

आणि ती जागा कधी असह्य असते. १९९० मध्ये पंचकुल्यातल्या एका चौदा वर्षांच्या टेनिस खेळाडू मुलीचा विनयभंग झाला. आरोपी एस. पी. एस. राठोड हे बडे पोलीस अधिकारी होते, पुढे ते हरियाणाचे पोलीस महासंचालकही झाले. १९९३ मध्ये त्या मुलीने जीव दिला. दोषी ठरवणारा पहिला निकाल डिसेंबर २००९ मध्ये आला: सहा महिन्यांची कैद आणि एक हजार रुपये दंड. अपिलात शिक्षा दीड वर्षाची झाली. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोष कायम ठेवला, पण आरोपीच्या वयाचा विचार करून भोगलेली शिक्षा पुरेशी मानली. उशिराने इथेही निकाल खाल्ला, आणि खाताना पक्षपात केला. एकाला त्याने वृद्धत्वाची सवलत दिली, दुसरीचे वय चौदाच्या पुढे फार सरकूच दिले नाही.

काफ्काच्या ‘द ट्रायल’मध्ये तितोरेली नावाचा चित्रकार योजेफ के. ला सुटकेचे तीन प्रकार सांगतो: खरी सुटका, वरवरची सुटका आणि अखंड लांबवणी. खरी सुटका झालेली त्याच्या माहितीत नाही, म्हणून निवड उरलेल्या दोनांतच करायची. आपण हे प्रकरण दुःस्वप्न म्हणून वाचतो. चंडीगडच्या खटल्यानंतर मला ते वार्तांकनासारखे वाटू लागले आहे. सतरा वर्षांनी मिळालेली निर्दोष सुटका कायद्याने खरी असते, पण जगताना ती तिसऱ्या प्रकारातून गेलेली असते. म्हणून उशिराविरुद्धची तक्रार केवळ फिर्यादीची नाही. खोट्या आरोपाखाली सापडलेल्याची ती तितकीच आहे, आणि ज्या न्यायाधीशांवर बोट ठेवले जाते त्यांचीही आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९७९ मध्ये हुसेनआरा खातून प्रकरणात जलद सुनावणी हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला, तो बिहारच्या तुरुंगात विनाखटला खितपत पडलेल्या कैद्यांच्या निमित्ताने. त्या हक्काला पक्ष नाही.

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे आपली भाषा पिढ्यान्‌पिढ्या सांगत आली आहे. या म्हणीत अनुभव आहे, पण तिने साहित्याचे नुकसानही केले असावे. शहाणे पायरी चढलेच नाहीत, आणि जे चढले ते मूर्ख किंवा हट्टी ठरले. लंगडला हसणारे शिवपालगंज आणि मोहन जोशीला हसणारी चाळ ही म्हणच बोलत असतात. पायरी चढलेल्यांची तपशीलवार, तारीखवार कादंबरी मराठीत यायला हवी. तिच्यात खलनायक नसला तरी चालेल. नाझर, बेलिफ, मुदतीचे अर्ज आणि ‘१अ’, ‘१ब’ मात्र असावेत.